बिशपला उंबराचं पाणी

साल दोन हजार अठरा. त्या वर्षी एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ बाल्तझार बिशप झाला, आणि त्याच्या आदल्या दिवशी त्याच्यावर पोलिसांत तक्रार झाली. पहिली गोष्ट चर्चच्या मासिकात फोटोसकट आली. दुसरी आली नाही. लोकही त्या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगतात, जसा काही दोन माणसांचा तो इतिहास आहे. मी एकत्र सांगणार. मी त्याची मोठी बहीण, आणि दोन्ही दिवशी मी तिथे होते.

आमचं गाव करंजपाडा, गोराईच्या बाजूचं. बोरीवलीहून यायचं तर होडीने खाडी ओलांडायची आणि पुढे रिक्षा करायची. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, शेतीवाडीवाले, आणि आम्हाला लागून कोळ्यांची घरं. गावाच्या उत्तरेला, शेतं संपतात तिथे, एका जुन्या उंबराखाली विहीर आहे. खाडीकाठच्या गावात गोड्या पाण्याची किंमत काय असते ते इमारतीत राहणाऱ्यांना सांगून कळायचं नाही. बाकीच्या विहिरी मार्च सरला की मचूळ होतात. ही होत नाही.

आमच्यात लग्नाच्या आधी उंबराचं पाणी आणतात. बायका लुगडी नेसून, बँड लावून विहिरीवर जातात. विहिरीला अंडं द्यायचं, दारूचे चार थेंब द्यायचे, मग कळशी भरून घरी आणायची आणि मांडवात नवऱ्याला किंवा नवरीला त्या पाण्याने न्हाऊ घालायचं. कळशी बहिणीने उचलायची. कोळ्यांच्या हळदीचं पाणीही त्याच विहिरीचं. त्यांची वाट आणि आमची वाट एकच होती.

आमच्या गावात आलेल्या प्रत्येक पाद्रीने या पाण्याविरुद्ध एकदा तरी तोंड उघडलं असेल. मंगळूरचे आले, गोव्याचे आले, एक तर स्पेनचा होता. लोक मान डोलवत ऐकायचे आणि पुढच्या लग्नाला बँड घेऊन विहिरीवर जायचे. परक्याने सांगितलेलं मनावर कशाला घ्यायचं?

पण ब्याऐंशी साली आमचा बाल्तू पाद्री झाला. सत्तावीस वर्षांचा, काडीसारखा, डोळ्यांवर जाड चष्मा. गावातला पहिला पाद्री. गावच्या सणाला चर्चमधली मिस्सा त्यानेच केली आणि प्रवचनात म्हणाला, "विहिरीला अंडं आणि दारू देणारे हात आल्तारासमोर कसे जोडता? ही वाट बंद करा. माझ्या घरापासून सुरुवात करा."

त्याच्या घरात तेव्हा लग्न माझं होतं. तिशीला टेकले होते मी. वडील गेल्यावर घर सांभाळता सांभाळता, म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवता शिकवता उशीर झाला होता. माझं लुगडं काठाला फॉल लावून तयार होतं. आईने ते परत पेटीत ठेवलं. माझी आंघोळ नळाच्या पाण्याने झाली, प्लास्टिकच्या बादलीतून. गावाने ऐकलं, कारण आपल्याच पोराने सांगितलं होतं. इतकं सरळ होतं ते. नंतरच्या लग्नांत लोक दारातच एक हंडा ठेवून त्याभोवती बँड वाजवू लागले. विहिरीची वाट करवंदीच्या जाळीत गेली.

आणि मग, आठ-दहा वर्षांपूर्वी, शेजारची शेतं एका शेठने घेतली, रिसॉर्ट बांधलं आणि विहिरीसकट तारेचं कुंपण घातलं. गेटवर वॉचमन बसला. पाण्याच्या टंचाईत गाव जागं झालं आणि कोर्टात गेलं.

बिशप होणार ही बातमी कळल्यावर बाल्तू घरी आला तो मार्चमध्ये. त्रेसष्ट वर्षांचा झाला होता. मधली कितीतरी वर्षं त्याने भांडुपच्या डोंगरउताराच्या वस्तीत काढली होती. पोट सुटलं होतं, चष्मा तोच होता. मी त्याला पेज वाढली आणि समोर बसले.

"बाल्तू, त्या दिवशी काय काय होतं रे?"

"कोणत्या दिवशी?"

"तुला बिशप करतात त्या दिवशी."

"जमिनीवर पालथं झोपायचं. मग मोठे बिशप डोक्यावर हात ठेवतात. डोक्यावर तेल ओततात. अंगठी घालतात. टोपी, दंड..."

"तेल ओततात?"

"हो बाय."

"अंगठी घालतात?"

"घालतात."

"नंतर जेवणावळ?"

"असणारच."

"म्हणजे तेल आहे, अंगठी आहे, जेवण आहे. मग आंघोळ कशी नाही? तुझं उंबराचं पाणी मी आणणार."

तो हसला. मी हसले नाही. त्याच्या ते लक्षात आलं तेव्हा पेजेत फिरणारा चमचा थांबला.

"विहिरीवर आता कुंपण आहे ना गं?"

"आहे. का आहे ते माहितीय तुला?"

त्याला माहीत नव्हतं. मी पुतळाबाईला हाक मारली. पुतळाबाई शेजारची कोळीण, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, बाल्तूला कडेवर घेऊन फिरलेली. तिची नात अनुपमा वकील आहे, गावाची केस तीच लढत होती. त्या दिवशी रविवार म्हणून ती आजीकडे आली होती. दोघी आल्या.

"काय रं बाल्त्या," पुतळाबाई म्हणाली, "आता तुझ्या हाताचा मुका घ्यायचा म्हनं लोकांनी?"

"तू नको घेऊस मावशी."

"मी कशाला घेतेय? मी तुझं ढुंगण धुतलंय."

अनुपमाने कपाळाला हात लावला. मग ती बाल्तूला म्हणाली, "फादर, स्पष्ट सांगू?"

"सांग."

"विहीर गावाची की शेठची, हा वाद पुढचा. आत्ता प्रश्न फक्त वाटेचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोणाला न विचारता गाव तिथे जात होतं, हे मला दाखवायचंय. याला वहिवाट म्हणतात. समोरचा वकील म्हणतो, वहिवाट गावाने स्वतःहून सोडली. कोर्टात त्याने तुमचं नाव घेतलं. म्हणाला, यांच्याच फादरने चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, ही वाट बंद करा. आणि यांनी केली."

बाल्तूने चष्मा काढला.

"मी विधीबद्दल बोललो होतो. वाटेबद्दल नाही."

"रोज पाणी भरायला जाणं नळ आल्यावर तसंही थांबलं होतं, फादर. उरलं होतं ते लग्नाचं जाणं. तेच वाटेला जिवंत ठेवत होतं."

"आणि कोळीवाडा? तुम्ही तरी जात होतात ना?"

"गेलो की दोन-चार वर्षं," पुतळाबाई म्हणाली. "तुमची माणसं येईनाशी झाली, मग जाळी कोण तोडणार? वीस घरांनी किती कोयते चालवायचे? आमचं पन थंडावलं."

मग बाल्तूने विचारलं, "मग आता शेठला सांगून एक दिवस आपण गेलो तर? त्याने आत सोडलं तर?"

"नको!" अनुपमा जवळजवळ ओरडली. "तेच तर करायचं नाही. विचारून गेलात तर तो त्याचा पाहुणचार झाला. मग कोर्टात तो सांगणार, बघा, माझ्या परवानगीने येतात. हक्क म्हणजे विचारायचं नाही. सरळ जायचं."

लग्नाच्या दिवशीच्या प्लास्टिकच्या बादलीची आठवण मी बाल्तूला करून द्यायची गरज नव्हती. तो ती विसरला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला हवं ते एवढंच होतं, की ज्याने वाट बंद केली त्यानेच ती चालून दाखवावी. दुसरं कोणी गेलं तर ती चार म्हाताऱ्यांची हौस ठरली असती.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला, आणि संध्याकाळच्या होडीने भांडुपला परत गेला.

त्याचं उत्तर यायच्या आधी फादर क्लिंट आला. दीक्षेच्या कार्यक्रमाची सगळी व्यवस्था याच्याकडे होती. चांगला मुलगा, पस्तिशीचा, वांद्र्याचा, हातात कायम फोन. माझ्या ओट्यावर बसून सरबत प्यायला आणि म्हणाला, "आंटी, एक रिक्वेस्ट आहे. ते विहिरीचं आहे ना, ते प्लीज आत्ता नको."

"तुला कोणी सांगितलं?"

"गावात सगळे बोलतायत. आंटी, बघा ना, बोरीवलीच्या मैदानावरचा मांडव कोण देतंय माहितीय? पाच हजार लोकांचं जेवण? रिसॉर्टवाले शेठ. स्वतःहून आले. एक रुपया घेत नाहीत."

"का घेत नाहीत?"

"गुडविल, आंटी."

"क्लिंट, मी तीस वर्षं पोरांना शिकवलंय. ज्याने वर्गात काच फोडली तोच सकाळी बाईंसाठी फुलं घेऊन यायचा."

तो हसला, पण उठला नाही. "आंटी, त्या विधीला धर्माचा आधार नाही. फादर बाल्तझारांनी स्वतःच बंद केलं होतं, बरोबर ना? आता बिशप होताना तेच केलं तर लोक काय म्हणतील? आणि केस चालू आहे. वरच्यांना मी काय सांगू?"

"वरच्यांना सांग, बिशपच्या बहिणीने ऐकलं नाही."

"आंटी यार..." तो म्हणाला, आणि जीभ चावली.

"सरबत घे अजून," मी म्हटलं.

मला वाटलं बाल्तू फोन करेल. त्याने केला नाही. ईस्टर झाला. दीक्षा पुढच्या शनिवारी संध्याकाळी होती. गुरुवारी सकाळी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. मला वाटलं नाही म्हणायला आलाय. मी पाठ फिरवून भाजी चिरत राहिले.

"बाय, तुझं लुगडं आहे का अजून?"

मी सुरी खाली ठेवली.

तो चुलीजवळ पाटावर बसला. म्हणाला, "भांडुपला पहिली काही वर्षं आम्हीही टँकरच्या रांगेत उभे राहायचो. मीपण हंडा घेऊन. तिथे कोकणातल्या बायका होत्या, गिरण्या बंद पडल्यावर वर डोंगरात राहायला आलेल्या. हंडा भरला की पाण्याला हात लावून कपाळाला लावायच्या, मगच उचलायच्या. आमच्या ख्रिस्ती बायकाही तसंच करू लागल्या. मी कोणाला काही बोललो नाही कधी. चांगलं वाटायचं बघायला. आणि इथे येऊन मी तुम्हाला बोललो होतो."

"तेव्हा तू पोरगा होतास."

"तसं नाही. तुम्ही माझे होता म्हणून बोललो. दुसऱ्यांना बोलायची माझी छाती झाली नसती."

"मग आता?"

"आता तू बँड सांग."

फादर क्लिंटने त्याला फोनवर बरंच समजावलं. मी शेजारीच होते. बाल्तू शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "क्लिंट, परवापासून मी बिशप असेन. मग मला कुठेही जायचं तर पन्नास माणसांचा विचार करावा लागेल. उद्यापर्यंत मी इझाबेलचा भाऊ आहे. उद्याच जाऊ दे मला."

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. माझं लुगडं छत्तीस वर्षं पेटीत राहून घडीवर विरलं होतं, पण नेसता आलं. गावातल्या बायका आल्या, ज्यांची लग्नं हंड्याभोवती झाली होती त्या सगळ्या. कोळीवाड्यातून पुतळाबाई आली, तिच्यामागे सात-आठ जणी. क्लॅरिनेट, ट्रंपेट, ढोल, आणि आमचं जुनं घुमट, कातड्याने मढवलेलं मातीचं वाद्य, घेऊन दोन म्हातारे. मधे बाल्तू पांढऱ्या झग्यात. रिवाजाप्रमाणे नवरा विहिरीवर जात नाही, घरी मांडवात थांबतो. एका बाईने ते बोलून दाखवलं तर पुतळाबाई म्हणाली, "नवरी कुठं हाय इथं? रिवाज सांगतेय मोठी."

जुनी वाट करवंदीत गडप होती, म्हणून आम्ही रिसॉर्टच्या रस्त्याने गेलो. अनुपमाचा बेत होता, गेटपाशी थांबायचं, वॉचमन अडवेल, आम्ही सांगायचं की आमची वाट आहे, आणि मग काय होईल ते होईल. अडवलं गेलं तरी कोर्टात ते उपयोगाचं होतं.

आम्ही वळण घेतलं आणि बँड आपोआप थांबला. गेट सताड उघडं होतं. त्यावर झेंडूच्या माळा. आत दोन बाजूंना खुर्च्या, टेबलावर थंड सरबताचे ग्लास. मॅनेजर नितेश हातात मोठा हार घेऊन पुढे आला, शेजारी फोटोग्राफर. आणि खुर्च्यांजवळ फादर क्लिंट उभा. त्यानेच शेठशी बोलून हे जमवलं होतं. त्याला वाटलं होतं, सगळ्यांचा मान राहील.

"या, या फादर," नितेश म्हणाला. "शेठ साहेबांनी खास सांगितलंय. विहीर धुवून घेतलीय, रंग दिलाय. कधीही या, फक्त आदल्या दिवशी मला एक फोन करा. आपलीच जागा समजा."

ऊन भाजत होतं. आमच्या बायका सकाळपासून पायी आलेल्या. गेटातून विहीर दिसत होती, निळा रंग दिलेली, आणि तिच्यावर उंबर, तसाच. दोन बायका आनंदाने आत शिरल्यासुद्धा. माझ्या हातातली कळशी मलाही जड झाली होती. नितेशने हार वर उचलला आणि बाल्तूने सवयीने मान वाकवली. पाद्री लोकांची मान हाराखाली आपोआप वाकते, सगळीकडे तेच चालतं.

"बाल्तू!" मी म्हटलं.

तो तसाच वाकलेला थांबला. मग सरळ झाला. हार त्याने हातात घेतला आणि नितेशच्या गळ्यात घातला.

"नितेश, तुम्ही उन्हात उभे राहिलात, थँक्यू. पण आम्ही पाहुणे नाही."

"म्हणजे?"

"या गेटातून आम्ही येणार नाही. आमची वाट पलीकडून आहे."

"फादर, पलीकडे तार आहे. झुडपं आहेत. गेट उघडं आहे ना इथे!"

"म्हणूनच."

"पण फादर, वाट तर तुम्हीच बंद केली होती ना? सगळ्या गावाला माहितीय."

"मीच केली होती," बाल्तू म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला तो अधिकार नव्हता. विहीर चर्चची नव्हती, माझीही नव्हती. म्हणून आज मीच आलोय."

पुतळाबाई गेटाच्या आत गेलेल्या दोघींवर ओरडली, "ए, मागं फिरा! सरबत बघून पाघळल्या बघा!" त्या धावत बाहेर आल्या. एकीच्या हातात ग्लास होता, तो तिने वॉचमनच्या हातात दिला.

फादर क्लिंट बाल्तूच्या दंडाला धरून इंग्रजीत काहीतरी भराभर बोलत होता. मांडव, जेवण, वर्तमानपत्रं. बाल्तूने त्याचा हात थोपटला. "तू चांगल्या मनाने केलंस. आता तू इथेच थांब. तुझं नाव यात यायला नको."

आम्ही कुंपणाला वळसा घालून शेतांच्या बाजूने गेलो. करवंदीची जाळी माणसाच्या उंचीची. कोळणींच्या कंबरेला कोयते होतेच, त्या पुढे झाल्या. लुगड्यांना काटे लागत होते, बायका हसत होत्या, शिव्या देत होत्या, घुमटवाला म्हातारा म्हणत होता हळू, हळू, कातडं फाटेल. जाळीच्या आत मला पायाखाली दगडाची फरसबंदी लागली. वाट तिथेच होती. कोणी उचलून नेली नव्हती.

मग तार आली. तीन पदरी, काटेरी.

"पक्कड पाहिजे होती," कोणीतरी म्हणालं.

पुतळाबाईने कनवटीला हात घातला आणि नवऱ्याच्या होडीवरची गंजकी पक्कड काढली. "मला काय सरबत प्यायला आली वाटलात?"

तिचा मुलगा पुढे झाला, पण बाल्तूने पक्कड मागून घेतली. अनुपमा म्हणाली, "फादर, हे कराल तर तक्रार होईल. कुंपण मी कापायला सांगितलेलं नाही. वाकून खालून गेलात तरी चालेल."

"खालून?" बाल्तू म्हणाला. "या वयात? आणि या बायकांनी खालून जायचं, आपल्याच विहिरीवर?"

त्याने पहिली तार कापली. ती सुटून उलटी आली आणि त्याच्या उजव्या तळव्यावरून गेली. झग्यावर रक्त पडलं. त्याने दुसरी कापली, तिसरी कापली. मग बँडवाल्यांकडे बघून म्हणाला, "बघत काय बसलात? वाजवा!"

विहिरीवर गेल्यावर मला भीती वाटली की पाणी बघून मी रडेन. रडले नाही. मी अंडं सोडलं, दारूचे थेंब सोडले. बाल्तू कठड्याजवळ हात जोडून उभा होता आणि त्याचं काही चाललं होतं ओठांत, प्रार्थनाच असेल. कोळणींनी हळद वाहिली. मी कळशी बुडवली, वर ओढली, आणि कोणाच्याही मदतीशिवाय डोक्यावर घेतली. जाताना आम्ही परत त्याच वाटेने गेलो. गेटापाशी नितेश अजून हार घालून उभा होता.

घरच्या मांडवात बाल्तूला पाटावर बसवला, बनियन आणि लुंगीवर. पहिलं पाणी मी घातलं. गार पाण्याने तो लहान मुलासारखा दचकला.

"पोट लय सुटलंय रं बिशप," पुतळाबाई म्हणाली आणि दुसरा तांब्या घातला.

दुपारी हवालदार आले. दोघे, अवघडलेले. शेठची तक्रार होती, विनापरवाना घुसले, मालमत्तेचं नुकसान केलं. "तार कोणी कापली?" बाल्तू टॉवेलने डोकं पुसत म्हणाला, "मी." हवालदाराने लिहून घेतलं. पुतळाबाईने त्याला थांबवलं. "पक्कड माझी व्हती. ते पन लिवा. नीट लिवा, पुतळाबाई हरेश्वर कोळी." त्याला लिहावंच लागलं.

संध्याकाळी क्लिंटचा फोन आला. शेठने मांडव काढून नेला होता, जेवणही रद्द. मी म्हटलं, "मग आकाश आहे ना. ते नेलं का?" त्याने फोन ठेवला. पण दीड तासाने पुन्हा फोन करून त्याने विचारलं, तुमच्या गावातून किती भांडी मिळतील.

शनिवारी बोरीवलीच्या मैदानावर लोक उघड्यावर, कलत्या उन्हात छत्र्या घेऊन बसले. करंजपाड्याने मटण केलं, मैद्याचे फुगे तळले. कोळीवाड्याने मासळी दिली, भांडुपहून टेम्पोत भाताचे टोप आले. पाच हजार जणांना पुरलं नाही, तीन हजारांना पुरलं, बाकीच्यांनी चहा घेतला. बाल्तू जमिनीवर पालथा झोपला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची पट्टी मला लांबून दिसत होती. मोठ्या बिशपांनी डोक्यावर तेल ओतलं. अंगठी घालायला त्याचा हात हातात घेतला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि काहीतरी विचारलं. बाल्तूने एका शब्दात उत्तर दिलं. त्यांनी पट्टी जरा मागे सारली आणि अंगठी घातली. काय विचारलं होतं ते मी नंतर बाल्तूला विचारलं. "दुखतंय का म्हणाले," तो म्हणाला. "मी म्हटलं, हो."

याला आता सात वर्षं झाली. बाल्तू कोर्टात साक्षीला उभा राहिला, बिशपच्या वेशात नाही, साध्या शर्ट-पँटमध्ये, आणि गेटासमोर बोलला होता तेच बोलला. समोरच्या वकिलाने विचारलं, तुमचा धर्म बदललाय का? तो म्हणाला, धर्म तोच आहे, मी बदललोय. वाटेवर गावाचा हक्क आहे असा निकाल चार वर्षांपूर्वी लागला. शेठ वरच्या कोर्टात गेला आहे, तिथे अजून तारखा पडतात, पण तार परत लागलेली नाही. तारेची तक्रार दंड भरून मिटली. दंड बाल्तूने स्वतः भरला आणि माफी मागायला नकार दिला. त्याला मोठा धर्मप्रांत मिळेल असं लोक म्हणायचे, मिळाला नाही. तो भांडुप, मुलुंड, घाटकोपरकडच्या चर्चमधून मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यायला फिरतो, गुडघे दुखतात, आणि दर पावसाळ्याआधी वस्त्यांतल्या नळांसाठी वॉर्ड ऑफिसात जाऊन बसतो. तिथे त्याला बिशप म्हणून कोणी ओळखत नाही, असं तो खुशीने सांगतो.

पुतळाबाई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. तेव्हा अंत्ययात्रा काढता येत नव्हती. बाल्तू कोळीवाड्याच्या टोकाला लांब उभा राहिला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. अनुपमाचं आता बोरीवलीला स्वतःचं ऑफिस आहे. तिच्या हळदीचं पाणी त्याच विहिरीतून आलं. फादर क्लिंट शिकायला रोमला गेला आणि परत आला. आता तो एका पॅरिशचा प्रमुख आहे, आणि मागच्या वर्षी त्याने आपल्या चर्चसाठी एका बिल्डरची देणगी नाकारली म्हणून त्याची बदली होता होता राहिली. मला फोन करून सांगितलं त्याने. नितेशने रिसॉर्ट सोडलं. जेट्टीजवळ त्याचं वडापावचं दुकान आहे आणि मला तो पैसे घेतल्याशिवाय खायला देत नाही, ते मला आवडतं.

मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. गावात लग्न असलं की कळशी आता त्या त्या घरची बहीण उचलते. मी फक्त पुढे चालते. रिसॉर्टचा नवा मॅनेजर दरवेळी गेटाशी येऊन म्हणतो, आजी, इकडून या ना, सावली आहे. मी त्याला सांगते, बाबा, तुझी सावली तुझ्याकडे ठेव, आणि उन्हातून पलीकडे जाते.